अंधेरीतल्या जुन्या कागदांवर ‘घोडबंदर रोड’ कसा? गोष्ट मुंबईच्या एस. व्ही. रोडची

घोडबंदर रोड म्हटलं की आज डोळ्यासमोर ठाणे येतं. माजिवड्यापासून सुरू होणारी टॉवरची रांग, गायमुखचा घाट आणि तासन्‌तास हलत नाही ते ट्रॅफिक. पण वांद्रे, पार्ले किंवा अंधेरीतल्या एखाद्या जुन्या घराची कागदपत्रं उघडली तर त्यातही पत्ता घोडबंदर रोडचाच सापडतो. ही टायपिंगची चूक नाही. आज ज्याला स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे बोलीभाषेत एस. व्ही. रोड म्हणतात, तोच हा रस्ता.

जुन्या काळी रस्त्याला नाव पडायचं ते तो जिथे पोहोचवतो त्या ठिकाणावरून. हा रस्ता साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीकाठच्या घोडबंदरला जायचा. इथे घोड्यांचा व्यापार चालायचा, त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला आणि 1737 साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. 1774 साली साष्टी इंग्रजांनी घेतली.

पण साष्टी हातात आली म्हणून मुंबईतून तिथे जाणं सोपं झालं नव्हतं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि ती होडीने पार करावी लागायची. पावसाळ्यात हा प्रवास जिवावर बेतायचा. पूल बांधा अशी मागणी होती, पण पैसे कोण देणार यावर घोडं अडलेलं. शेवटी पुढे आल्या सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी अवाबाई. त्यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, आणि तेही त्या काळातले. अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. 1843 मध्ये काम सुरू झालं आणि एप्रिल 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. कॉजवेच्या अलीकडे दादर-माहीममधून जाणारा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, तो याच अवाबाईंच्या नावाचा. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, हा भाग वेगळा.

कॉजवे ओलांडला की वांद्र्याला एस. व्ही. रोड सुरू होतो. वांद्रे तलाव, खार, सांताक्रूझ, नानावटी रुग्णालय, इर्ला, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली आणि मग दहिसर, असा वीस-बावीस किलोमीटरचा प्रवास. यातला बराचसा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांना चिकटून, पश्चिमेच्या बाजूने जातो.

इथेच या रस्त्याचं नशीब ठरलं. 12 एप्रिल 1867 ला विरारहून बॅक बे पर्यंत लोकल सुरू झाली आणि 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर हा रस्ता. त्यामुळे बाजार, शाळा, दवाखाने, सिनेमागृहं सगळं स्टेशन आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहिलं. गोरेगावला 1943 साली निघालेला फिल्मिस्तान स्टुडिओ याच रस्त्यावरचा. शॉपर्स स्टॉपचं देशातलं पहिलं दुकानही 1991 मध्ये अंधेरीला इथेच उघडलं.

उपनगरं मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली ती दोन टप्प्यांत, 1950 आणि 1957 साली. तोपर्यंत वस्ती रस्त्याला खेटून बसलेली होती. म्हणजे इथे आधी रुंद रस्ता आखून मग इमारती बांधलेल्या नाहीत. बैलगाडीच्या रस्त्याच्या कडेने घरं आली, त्यांची दुकानं झाली, आणि मग मध्ये उरलेल्या जागेत बस, रिक्षा, ट्रक सगळं कोंबलं गेलं.

मग रुंदीकरण होत नाही का? होतं, पण तुकड्यातुकड्यांनी. महापालिकेच्या नकाशावर रस्त्याची रेषा आखलेली असते. त्या रेषेत येणारी इमारत पुनर्विकासाला गेली की नवी इमारत मागे सरकते आणि तेवढा तुकडा रस्त्याला मिळतो. शेजारची जुनी चाळ मात्र जागच्या जागी असते, कारण तिथल्या भाडेकरूंचं आणि दुकानदारांचं पुनर्वसन झाल्याशिवाय ती हलत नाही. परिणाम असा, की टॉवरसमोर रस्ता ऐसपैस आणि पुढच्या पन्नास पावलांवर एकदम चिंचोळा. गाड्या अडकतात त्या या चिंचोळ्या तोंडाशी, त्यामुळे मधल्या रुंद तुकड्यांचा उपयोग मुख्यतः पार्किंगलाच होतो.

1960 च्या दशकात पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आला, नंतर पश्चिमेला लिंक रोड. मेट्रो आली तीही याच दोन रस्त्यांवरून. 7 महामार्गावरून आणि 2अ लिंक रोडवरून. 2014 मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर लाईन एस. व्ही. रोडला अंधेरीला आडवी ओलांडून जाते.

पण खरी अडचण पूर्व-पश्चिमेची आहे. महामार्गाकडे जायचं तर रूळ ओलांडायला हवेत, आणि त्यासाठी मोजकेच पूल आणि सबवे आहेत. अंधेरीच्या गोखले पुलाने हे सगळ्यांना दाखवून दिलं. 3 जुलै 2018 ला त्याचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पूर्ण बंद झाला आणि त्याची वाहनं पार्ल्यापासून गोरेगावपर्यंत मिळेल त्या पुलाकडे वळली, अर्थातच एस. व्ही. रोडवरून. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर तो रेल्वेच्या नव्या नियमांनुसार उंच झाल्याने शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळेना. सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. शेवटी बर्फीवाला पुलाचं टोक जॅक लावून उचललं आणि जुलै 2024 मध्ये दोन्ही जोडले. गोखले पूल पूर्ण सुरू व्हायला मे 2025 उजाडला.

सबवेचं दुखणं तर दर पावसाळ्यातलं. पाणी पूर्वेच्या डोंगरांकडून पश्चिमेला समुद्राकडे धावतं आणि हा रस्ता दक्षिणोत्तर. ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या आणि मधले कितीतरी नाले त्याला आडवे छेदतात. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या पट्ट्यातले हजारो लोक कमरेभर पाण्यातून चालत घरी गेले. आता सांताक्रूझच्या मिलन सबवेला उड्डाणपुलाचा पर्याय आहे. अंधेरी सबवे मात्र अजूनही मोठी सर आली की बंद करावा लागतो.