तोफा देऊन टाकणारा देश

एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम 13 लाख. 1939 मध्ये सोव्हिएत धमकीपुढे नमून त्यांनी लष्करी तळ दिले आणि 1940 मध्ये जवळजवळ न लढताच अख्खा देश गेला. 1991 मध्ये तो परत मिळाला, तेव्हा हा धडा सैन्याच्या रचनेतच उतरला. खडं सैन्य छोटं. पण मुलांना लष्करी सेवा सक्तीची, नंतर ते राखीव दलात. शिवाय ‘कैत्सेलीत’ हे स्वयंसेवकांचं दल. लढाऊ विमानं मात्र नाहीत. 2004 पासून आकाशाची राखण नाटोचे मित्रदेश पाळीपाळीने करतात. तरीही जानेवारी 2023 मध्ये त्यांनी ओढून न्यायच्या आपल्या सगळ्या 155 मिमी तोफा युक्रेनला देऊ केल्या. एकट्याने लढायची वेळ काय असते, हे त्यांना 1940 पासून ठाऊक आहे.