दाद आणि दुरुस्ती

श्रावणात चिखलदऱ्याला धुकं उतरलं, की त्याच संध्याकाळी अमरावती-अकोल्यातल्या निम्म्या मोबाइलवर ते पोचलेलं असतं. खाली भराभर दाद येते. ‘मस्त’, ‘एक नंबर’, ‘लाजवाब’, आणि शब्द सुचला नाही तर नुसता अंगठा. फोटो काढणाऱ्याला आनंद होतो, व्हायलाच हवा. पण त्या शंभर-दोनशे माणसांत एखादा तरी असा निघतो का, जो म्हणेल, ‘भाऊ, डोंगराची रेघ तिरपी झाली आहे, आणि डाव्या कोपऱ्यातला तो विजेचा खांब तिथे काय करतो आहे?’

असा माणूस भेटायला भाग्य लागतं. आज मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे. एकमेकांची छायाचित्रं समोर ठेवून त्यातलं बरंवाईट मोकळेपणी बोलणारी हौशी मंडळी आपल्याकडे कधीपासून आहेत? उत्तर ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मोबाइल तर सोडाच, घरात विजेचा दिवा येण्याच्याही आधीपासून आहेत.

१९ ऑगस्ट १८३९ या दिवशी पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची कृती सर्वांसाठी खुली करण्यात आली. जागतिक छायाचित्रण दिन आपण १९ ऑगस्टला साजरा करतो तो यामुळेच. जानेवारी १८५३ मध्ये लंडनला छायाचित्रणप्रेमींची संस्था निघाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, आणि त्यानंतर दीड वर्षाने, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कॅप्टन हॅरी बार हे तिचे पहिले अध्यक्ष. १८५५ पासून संस्थेने स्वतःचं नियतकालिकही सुरू केलं. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था १८५६ च्या. म्हणजे या बाबतीत मुंबईने पहिलं पाऊल टाकलं.

या मंडळींना एकत्र यावंसं का वाटलं असेल? त्या काळी छायाचित्र काढणं म्हणजे कसरत होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने कलोडियनची कृती प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियनचा चिकट द्रव ओतायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवून काढायची. काच वाळली की खेळ खलास. ही सारी कृती लंडनच्या गारव्यात बेतलेली. इथे काच हातातच वाळू लागे, पाण्यातल्या मातीने डाग पडत, रसायनं उडून जात. आमच्याकडे वैशाखात अंगणात शिंपडलेलं पाणी पाठ फिरवेपर्यंत दिसेनासं होतं, तिथे ओल्या काचेची काय कथा!

पुस्तकात याचा उपाय नव्हता. उपाय दुसऱ्याच्या अनुभवात होता. म्हणून या संस्थांच्या बैठकांत छायाचित्रं दाखवली जात तशा कृतीही वाचल्या जात, आणि काय साधलं, काय फसलं, याची चर्चा होई. यश माणूस घरच्या भिंतीवर टांगू शकतो. अपयश मात्र कुणाला तरी दाखवल्याशिवाय सुटत नाही. अकोल्याच्या कापूस बाजारात जाणता व्यापारी गाडीतला कापूस नुसता डोळ्यांनी पाहून ‘वा’ म्हणत नाही. मूठभर उचलतो, चिमटीत धरून ओढतो, धागा किती लांब निघतो ते पाहतो, आणि मग भाव बोलतो. छायाचित्राचा धागा असा ओढून पाहण्याची सवय या हौशी मंडळींनी लावली.

या टेबलाभोवती फक्त गोरे साहेबच होते असं मात्र नाही. ज्यांचं नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड या संस्थेचे सभासद होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तर हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि त्यात नाव कमावलं. संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही ते होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. इंग्रज कप्तान आणि देशी डॉक्टर एका टेबलाशी बसताहेत, मध्ये एक कागद ठेवलेला आहे, आणि बोलणं चाललं आहे ते कागदावरच्या सावलीविषयी. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण ही बरोबरी किती पातळ होती, ते कलकत्त्यात दिसलं. तिथल्या संस्थेत राजेंद्रलाल मित्र हे थोर विद्वान पदाधिकारी होते. १८५७ मध्ये टाउन हॉलच्या जाहीर सभेत ते बोलले. प्रश्न असा होता, की मुफसलमधल्या गोऱ्या लोकांचे फौजदारी खटले तिथल्याच न्यायालयात चालावेत की नाही. राजेंद्रलाल यांनी गोऱ्या मळेवाल्यांच्या वागण्यावर कडक टीका केली. संस्थेतल्या इंग्रज सभासदांना ती झोंबली आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. भाषणाचा छायाचित्रणाशी काडीचा संबंध नव्हता. चित्रावर बोल, पण आमच्यावर बोलू नकोस, असा त्याचा सरळ अर्थ.

मुंबईतही एक प्रश्न होता, फक्त तो कुणी मोठ्याने विचारला नाही. १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला. संस्थेचा त्याला आश्रय होता. प्रत्येक अंकात तीन अस्सल छायाचित्रं चिकटवलेली असत. मुंबईच्या इमारती असत, तशी जातीजमातींची, त्यांच्या पेहरावांची आणि धंद्यांचीही चित्रं असत. पुढे जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली कित्येक चित्रं जोडकामाची आहेत. माणसं एकीकडे टिपली आणि मागचा देखावा दुसरीकडचा आणून बसवला. संगणकावर आज आपण करतो ती करामत दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती.

त्या चित्रांत आपलेच लोक उभे आहेत. पण त्यांची नावं नाहीत, नुसती जात आहे. त्यांच्या पायाखालची जमीनसुद्धा त्यांची नाही. टेबलाभोवती चित्राच्या गुणदोषांची चर्चा झाली असेल, पण चित्रातल्या माणसाला त्या टेबलाशी बसायला जागा नव्हती.

मला इथे माझी दादी आठवते. आमच्या घरी तसबिरीला फारसा मान नव्हता. भिंतीवर असायची ती मक्का-मदिनेची चौकट आणि कॅलेंडर. १९९० च्या दशकात मतदार ओळखपत्रं आली तेव्हा दादी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली. ओढणी सारखी करत तिने फोटोवाल्या पोराला विचारलं, ‘बेटा, ये तसबीर कौन कौन देखेंगे?’ रांगेतले लोक हसले. मी मात्र तो प्रश्न विसरलो नाही. छायाचित्राची समीक्षा करणाऱ्यांनी पहिल्यांदा विचारायला हवा तो प्रश्न लिहितावाचता न येणाऱ्या एका म्हातारीने विचारला होता.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. त्यानंतरच्या दशकात इथली काही फार जुनी छायाचित्रं काढली गेली, आणि ती काढणाऱ्यांत एक नाव आहे मेजर रॉबर्ट गिल. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे गिल आणि पारू मराठी वाचकांना ठाऊक आहेत. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला काढत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. आमच्या लोणारची मंदिरं त्याने टिपली. त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली. पण चित्रं इथली, पाहणारे तिकडचे. त्याने रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला, आणि त्याची कबर भुसावळला आहे. या माणसाने आयुष्याचा मोठा भाग मुंबईच्या त्या टेबलापासून दूर, डोंगरकपारीत घालवला. हे चूक, हे बरोबर, असं सांगणारा सोबती रानात त्याला कुठून मिळणार? मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या प्रत्येक हौशी कलावंताचं दुखणं हेच असतं.

मी कवी आहे, म्हणून हे दुखणं मला ठाऊक आहे. उर्दू शायरीत यावर एक जुना इलाज आहे. मुशायऱ्यात दाद मिळते, आणि उस्तादाच्या घरी इस्लाह मिळते. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागीर्द गझल लिहून नेतो, उस्ताद एखादा शब्द खोडतो, दुसरा सुचवतो, कधी अख्खा शेर कापतो. दाद चारचौघांत, दुरुस्ती मात्र एकान्तात. दोन्ही लागतात. नुसत्या दादेवर वाढलेला कवी फुगतो, आणि नुसत्या दुरुस्तीवर वाढलेला सुकतो. मी मराठीत लिहायला लागलो तेव्हा माझ्या कवितांच्या कडेला पेन्सिलीने खुणा करणारे एक गुरुजी मला लाभले. त्या खुणांनी मला जे दिलं, ते टाळ्यांनी दिलं नाही.

छायाचित्रकारांनीही आपल्यापरीने हा इलाज शोधला. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळींची टपाल-मंडळं निघाली. छायाचित्रांची पेटी एका घरून दुसऱ्या घरी टपालाने जायची आणि सोबत एक वही असायची. प्रत्येकाने इतरांच्या चित्रांवर मत लिहायचं, आपलं जुनं चित्र काढून नवं घालायचं, आणि पेटी पुढे पाठवायची. आपल्याकडे १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ आली, १९५३ मध्ये देशभरच्या संस्थांचा महासंघ ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ झाला, आणि प्रदर्शनांची, म्हणजे सलोनची, परंपरा रुजली. जिल्ह्याच्या गावातला एखादा शिक्षक किंवा बँकेतला कारकून रात्री न्हाणीघराला काळा पडदा लावून प्रिंट काढायचा आणि टपालाने सलोनला पाठवायचा. ती प्रिंट गावोगाव फिरायची. परत यायची तेव्हा तिच्या पाठीवर प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असायच्या, प्रवासी पेटीवर स्टेशनांच्या असाव्यात तशा.

या परंपरेने शिस्त दिली. उजेड कसा वाचावा, चौकटीतून काय वगळावं, हे शिकवलं. तिचा एक तोटाही झाला. परीक्षकांना काय आवडतं ते एकदा कळलं, की सगळे तेच काढू लागतात. सुरकुतलेला म्हातारा, धुळीत मेंढरं, सूर्यास्तापुढे नाव. दुरुस्ती करणारेही एकाच साच्याचे झाले की दुरुस्तीचाच गणवेश होतो.

आज वऱ्हाडात हौशी छायाचित्रकारांची कमी नाही. मेळघाटच्या वाटेवर भल्या पहाटे मोठ्या लेन्स घेतलेली तरुण मुलं दिसतात. त्यांच्या हौसेचं मोलही मोठं आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाच्या नजरेला पक्कं पडलं नव्हतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं, आणि पुढे मेळघाटातही त्याची वस्ती दिसली. अशा वेळी एक स्वच्छ छायाचित्र हा पुरावा ठरतो. पण पक्षी टिपणाऱ्या जाणत्या मंडळींत एक रीत आहे. घरट्यातल्या पाखराचा फोटो कितीही सुरेख असो, त्याला दाद द्यायची नाही, कारण त्या फोटोपायी घरटं मोडतं. टीका इथे चौकटीबाहेर जाते. ‘फोटो कसा आला’ याच्या आधी ‘तो कसा काढला’ हे विचारलं जातं.

हाच प्रश्न माणसांच्या फोटोंना का लावू नये? भेगाळलेली जमीन, डोक्याला हात लावलेला कास्तकार, मागे वाळलेली पराटी. वऱ्हाडाचं हे चित्र देशभर हजार वेळा छापलं गेलं. त्यातली काही छायाचित्रं गरजेची होती, त्यांनी झोपलेल्यांना जागं केलं. पण त्या कास्तकाराला कुणी विचारलं का? त्याचं नाव लिहिलं का? छापलेला फोटो त्याच्या घरी पोचला का? नसेल, तर जॉन्सनच्या अल्बममधल्या बिननावाच्या माणसात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला?

मला वाटतं, आपल्या तालुक्याच्या वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी द्यावी. चार-सहा हौशी मंडळींनी आपले फोटो कागदावर छापून आणावेत. मोबाइलवर नकोत, कारण मोबाइलवर बोट लगेच पुढे सरकतं. टेबलावर ठेवावेत आणि एकेका फोटोपाशी दहा मिनिटं थांबावं. तिरपी रेघ दाखवावी, खांब दाखवावा, चांगल्याला मनापासून वाहवा म्हणावी. आणि फोटोत कुणी माणूस असेल, तर जमेल तेव्हा त्यालाही बोलवावं. त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि विचारावं, ‘काका, हा फोटो तुम्हाला कसा वाटतो?’ तो जे सांगेल, ते १८५४ च्या त्या टेबलाशी कुणाला ऐकायला मिळालं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)