किती एचपीचा घेऊ? पिंपळे सौदागर, फर्ग्युसन आणि सात एकर काळी जमीन

आजचा एपिसोड ट्रॅक्टरवर आहे. म्हणजे नव्याने शेती हातात घेणाऱ्याने ट्रॅक्टर कुठला घ्यावा, या प्रश्नावर. यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत, मायलेज किती, लिफ्ट किती किलो उचलते वगैरे. आपण इतिहासवाले, त्यामुळे आपण मागच्या दाराने आत शिरणार आहोत. आणि ते दार आहे पिंपळे सौदागरमध्ये.

हसू नका. हिंजवडीत काम करणाऱ्या निम्म्या लोकांनी तिथे कधी ना कधी फ्लॅट शेअर केलाय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचं एक साधं कोरडवाहू गाव होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी त्या गावाचा घर न घर, तुकडा न तुकडा असा अभ्यास केला आणि १९१७ साली पुस्तक काढलं. त्यातले आकडे आजही वाचताना थांबायला होतं. १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. १५६ जमीनमालक, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे ७१८. त्यातले ४६३ तुकडे एका एकरापेक्षा लहान.

यावर त्या काळातल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं: तुकडे जोडा, शेतं मोठी करा. पण १९१८ साली एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने वेगळाच मुद्दा मांडला. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेत परवडतं की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरतच नाही. जमीन, माणसं, बैल, अवजारं, भांडवल यांचं एकमेकांशी प्रमाण काय, त्यावर ठरतं. आणि मान यांचेच आकडे हातात घेऊन ते म्हणाले, की या लोकांकडे जेवढी अवजारं आणि बैल आहेत त्या मानाने त्यांची शेतं लहान नाहीत, उलट मोठीच आहेत! आपण बाबासाहेबांना संविधानासाठी ओळखतो, पण हा निबंध शेतीचं कर्ज काढण्याआधी वाचावा असा आहे.

आता हे सगळं मी का वाचत बसलो? माझा मावसभाऊ बार्शीकडचा. चाकणला चार वर्षं नोकरी केली, आता गावी परततोय. घरची चार एकर आणि शेजारची तीन एकर खंडाने. सात एकर. (होय, मान यांची सरासरी. मलाही गंमत वाटली.) त्याचा फोन आला, "दादा, पंचेचाळीस एचपीचा घेऊ की पन्नासचा? तू इंजिनिअर आहेस ना?" मी बीटेक आहे हे खरं, पण दिवसभर पेमेंट सिस्टीमचा कोड लिहितो. म्हटलं, दोन आठवडे दे. कारण असा ट्रॅक्टर सात-आठ लाखांच्या घरात जातो, आणि कर्ज काढलं की बोजा चढणार मावशीच्या सातबाऱ्यावर.

तर सुरुवातीपासून बघू. ट्रॅक्टर स्वस्त केला हेन्री फोर्डने. त्याचा फोर्डसन १९१७ मध्ये आला, १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आली आणि अमेरिकेत १९२८ पर्यंत सात लाखांहून जास्त विकले गेले. पण त्याची एक भयंकर खोड होती. बैलाला बांधावा तसा नांगर मागे साखळीने ओढायचा. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं जागच्या जागी रुतायची, पण इंजिनाचा जोर चालूच. मग चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरच स्वतःच्या एक्सलभोवती फिरायचा. बुलेटची व्हीली डोळ्यांसमोर आणा. पुढचं तोंड वर, आणि पुढच्या क्षणी सगळं धूड चालवणाऱ्याच्या अंगावर. माणसं मेली अशी.

हा गुंता सोडवला उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने. त्याने नांगर ओढायचं सोडून ट्रॅक्टरलाच जोडला. तीन हातांनी, दोन खाली, एक वर मधोमध. आजही कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा, ते तीन हात तिथे आहेत. यात भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. नांगराला मातीचा जितका विरोध होतो, तितका तो वरचा हात ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे पुढची चाकं उचलण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, पकड वाढते. शिवाय हायड्रॉलिक यंत्रणा विरोध ओळखून नांगर आपोआप थोडा वर-खाली करते. म्हणजे आधी पकडीसाठी ट्रॅक्टर जड करावा लागायचा, आता हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला.

१९३८ मध्ये फर्ग्युसनने फोर्डला हे करून दाखवलं आणि दोघांनी कागदावर काही न लिहिता नुसतं हातात हात देऊन करार केला. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर बाजारात. मग हेन्री फोर्डचा नातू आला, करार मोडला, कोर्टकज्जा झाला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर मिटला. मधल्या काळात फर्ग्युसनने इंग्लंडमध्ये स्वतःचा टीई २० काढला, वीस-पंचवीस एचपीचा, साधारण टनभर वजनाचा. पाच लाखांवर बनले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर, पट्टे लावून. हे उगाच सांगितलं, पण सांगायचं होतं.

भारतात ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर आला तो शेतकऱ्याच्या दारात नाही, सरकारच्या ताब्यात. स्वातंत्र्याच्या सुमारास सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन सुरू झाली. अमेरिकन लष्कराची युद्धानंतर उरलेली साखळीची अवजड यंत्रं तिच्याकडे होती. मध्य भारतात लाखो एकर जमीन कांस नावाच्या गवताने खाल्ली होती, त्याची मुळं इतकी खोल की बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत. त्या कामासाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. रेल्वेनंतरचं भारताचं दुसरंच कर्ज, आणि ते गवत काढायला!

मग कारखाने आले. १९५९ मध्ये फरीदाबादला आयशर, १९६० मध्ये मद्रासला टॅफे, १९६३ मध्ये मुंबईत महिंद्रा आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची भागीदारी. तिचा बी-२७५ मुळात इंग्लंडच्या डॉनकास्टरचा, टॅफेचा मॅसी सरळ फर्ग्युसनच्या वंशातला. पूर्ण भारतीय आराखड्याचा ट्रॅक्टर दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाला, आणि १९७४ मध्ये पंजाबातून स्वराज म्हणून बाजारात आला. २६.५ एचपी. विशी-तिशीतल्या या आकड्यांकडे लक्ष द्या. हिरवी क्रांती ज्यांनी ओढली ते ट्रॅक्टर आजच्या शोरूमच्या हिशोबाने लहान होते. आणि महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी खातं होतं ४.२८ हेक्टरचं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. म्हणजे रान तिसऱ्या हिश्श्यावर आलं आणि गावोगावच्या फ्लेक्सवर मात्र पन्नास एचपी. आंबेडकरांचं प्रमाणाचं गणित आता उलट्या बाजूने चुकतंय, असं माझं मत आहे.

भावाबरोबर मी कागदावर मांडणी केली. नांगरट एकरी दीड तास, रोटाव्हेटर एकरी तास, पेरणी, फवारणी, ट्रॉलीच्या चार खेपा. दोन्ही हंगाम धरूनही वर्षाला शंभर तास भरेनात. ट्रॅक्टरचा खर्च निघण्यासाठी वर्षाला हजार तास धरायची जुनी पद्धत आहे. "मग बाकीचे तास भाड्याने मारतो ना," तो म्हणाला. वाडीत आधीच अकरा ट्रॅक्टर आहेत आणि ते सगळे हेच म्हणत घेतलेले आहेत.

इथे मला दख्खनचा सगळ्यात उपयोगी इतिहास सापडला, आणि तो ट्रॅक्टरच्या आधीचा आहे. काळ्या जमिनीतला खोल नांगर कधीच एका घरच्या बैलांचा नव्हता. त्याला सहा, आठ बैल लागायचे. सात एकरवाल्याकडे असायची एक जोडी. मग सावड व्हायची: तुझी जोडी माझ्या रानात, माझी तुझ्या. लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून लोक घेईनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पण नांगर लाकडी असो की लोखंडी, जड नांगरट सामाईक आणि पाभर, कुळव, कोळपं ही हलकी कामं घरच्या जोडीने, ही वाटणी पक्की होती.

आणि त्या वाटणीला कारण होतं. नांगरट उन्हाळ्यातली. आज झाली काय, पुढच्या आठवड्यात झाली काय, ढेकळं तापायला वेळ आहे. पेरणी आणि कोळपणीचं तसं नाही. पाऊस उघडला, वाफसा आला की दोन-तीन दिवस हातात असतात. त्या दिवशी सगळ्या शिवारात एकदमच वाफसा आलेला असतो, आणि भाड्याचा ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही. बार्शीकडे रब्बीची ज्वारी ओलीवर पेरायची, चार दिवस उशीर म्हणजे उगवण गेली. काकांनी बैलजोडी विकल्यापासून दोन हंगाम याच कारणाने अर्धे हातचे गेलेत. भाऊ ट्रॅक्टर मागतोय तो हौसेने नाही, हे मला इथे कळलं.

म्हणून मी त्याला सांगितलं, आठ बैलांचा पर्याय विकत घेऊ नकोस, एका जोडीचा घे. नांगरट भाड्याने, वाफशाची कामं घरच्या लहान ट्रॅक्टरने. लहान ट्रॅक्टर ही काही तडजोडीची चीज नाही, त्यांचाही इतिहास आहे. बंगळुरूच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या सहकार्याने काढला, राजकोटकडच्या कारखानदारांनी आपल्या पद्धतीने बनवला, जपानची कुबोटा २००८ मध्ये इथे आली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी तो मनापासून उचलला, कारण तिथे नांगराला किती जोर लागतो हा प्रश्नच नाही. दोन ओळींच्या मधून ब्लोअर घेऊन जाता येतं का, एवढंच बघायचं असतं. तिथे ट्रॅक्टरची निवड टेपने मोजून होते.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या. वीस-चोवीस एचपीला ओल्या काळ्या रानात मोठा रोटाव्हेटर झेपणार नाही. तूर वाढली की खालून लागणार. भरलेली उसाची ट्रॉली चढावर ओढायचं नावच नको. पुढे बागायत वाढवायची असेल तर हिशोब बदलेल.

बाकी इंजिनिअर म्हणून दोनच गोष्टी. जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो, रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर, आणि तिथे पोचेपर्यंत जोर कमी झालेला असतो. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी संस्था आहे, ती ट्रॅक्टर तपासून अहवाल देते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागायचा आणि पीटीओचा आकडा बघायचा. दुसरं, वजन. चाक घसरत असेल तर जास्त एचपी घेऊन काही होत नाही, डिझेल तेवढं जळतं. म्हणूनच जुने लोक मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. आणि डेमो शोरूममागच्या मुरमाच्या मैदानात घ्यायचा नाही, आपल्या रानात, वाफशावर मागायचा. देत नसतील तर पुढचं दुकान.

भाऊ सध्या दोन जुने चोवीस एचपीचे बघून आलाय. काकांना अजून मोठाच हवाय, त्यांचं म्हणणं, लहान ट्रॅक्टरला गावात कोण विचारतं. दोन बांधांपलीकडे एकाचा पन्नास एचपीचा आहे, त्याच्याशी बोलणं चालू आहे: याने त्याच्या सोयाबीनची फवारणी करून द्यायची, त्याने याची सात एकर नांगरून द्यायची. एकराला एकर धरायचं की तासाला तास, यावर गाडी अडली आहे.

पुढच्या एपिसोडमध्ये किर्लोस्करवाडी. भेटू.