दूरचा डॉक्टर, घरचा आजार

ताप आला, डॉक्टरकडे गेलो, गोळ्या आणल्या, विषय संपला. मधुमेह, रक्तदाब, दमा यांचे तसे नसते. हे पाहुणे नव्हेत. घरात कायमचा मुक्काम टाकणारी मंडळी. त्यांच्यापायी वर्षानुवर्षे खेपा घालाव्या लागतात आणि माणूस रोगाआधी खेपांनीच थकतो. जतच्या पूर्व भागातून मिरज गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तर आधी शिवसागरावरची लाँच धरावी लागते.

शंभर वर्षांपूर्वी दीर्घ आजार म्हटला की क्षय आठवे. त्यावर औषध नव्हते, म्हणून डॉक्टर हवा लिहून देत. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल एअर आरोग्यधाम काढले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून होतेच; पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. रुग्ण तिथे महिनोन्‌महिने राहत. सेवा मोठी होती, यात शंका नाही. पण ज्याच्यामागे शेत, चूल आणि लेकरे आहेत, त्याने इतके दिवस घर सोडायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर मद्रासहून आले. १९५६ मध्ये तिथे गरीब वस्तीतल्या क्षयरोग्यांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात, दुसरा आपापल्या घरी. औषधे तीच, मुदत वर्षाची. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाटीवाटीच्या घरात, बेताचे खाऊन राहिलेले रुग्णही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते आणि त्यांच्यामुळे घरच्यांचा धोका वाढलेला नव्हता. मात्र कर्मचारी अचानक दारात येत, गोळ्या मोजत, लघवी तपासत. माझ्या मते दुरून उपचार करण्याचा खरा पाया इथे घातला गेला. त्यात तारही नव्हती आणि पडदाही नव्हता.

पडद्यावरून एक गोष्ट आठवली. आमच्या घरात नानी ती रंगवून सांगायची. बेगम पडद्याआड, हकीमसाहेब बाहेर. बेगमच्या मनगटाला दोरा बांधायचा आणि हकिमाने दुसरे टोक धरून नाडी ओळखायची. एकदा कुणा खट्याळाने तो दोरा मांजरीच्या पायाला बांधला. हकीम म्हणाले, ‘हिला उंदीर खाऊ घाला!’ आम्ही हसायचो. पण दोऱ्याच्या पलीकडे कोण आहे, हे हकिमाला कोणी सांगायचे, हा सवाल काही हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

हकिमाचा दोरा गोष्टीतला. हॉलंडमध्ये आइन्थोव्हेन यांनी तो खरा केला. लायडेनच्या रुग्णालयातल्या माणसाच्या हृदयाचे स्पंदन त्यांनी १९०५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवले. शतकानंतर, २००७ च्या सुमारास, इस्रोच्या उपग्रहामार्फत साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय मुंबईच्या केईएमशी जोडले गेले. सोबत सिंधुदुर्ग, नंदुरबार, बीड आणि लातूर ही केंद्रे होती. पण सोय जिल्ह्याच्या ठिकाणी. गावापासून साताऱ्यापर्यंतची एसटी रुग्णाला चुकत नव्हती.

ती चुकली २०२० मध्ये. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि त्याच दिवशी, २५ मार्चला, दूरवैद्यकाची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे आली. जुन्या रुग्णाची चालू औषधे फोनवरून पुन्हा लिहून देण्यास वाट मिळाली. आदल्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ची ओपीडी एप्रिलमध्ये घरोघरच्या मोबाइलवर आली. मला तिचा दुसरा प्रकार अधिक मोलाचा वाटतो. त्यात रुग्ण गावच्या आरोग्यकेंद्रात बसतो, शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी असतो आणि पडद्यावर डॉक्टर. रक्तदाब शेजारचा माणूस मोजतो, आकडा तोच सांगतो.

नुसत्या फोनवर म्हातारी म्हणते, ‘बरं हाय, डॉक्टर.’ साखर वाढली की पायाची जाणीव जाते. टाचेत काटा रुतला तरी तिला कळत नाही, मग ती सांगणार काय? ती जखम दिसायला कुणीतरी खाली बसून तिच्या पायातली चप्पल काढावी लागते, बोटांच्या बेचक्यात पाहावे लागते आणि मगच कॅमेरा तिकडे वळवावा लागतो.