पानातलं चौकोनी भोक: ‘हो’ म्हणवून घेण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

तुम्ही कधी जुन्या मासिकांचे बांधीव खंड चाळले आहेत का? १९१० आणि १९२०च्या दशकांतली अमेरिकन मासिकं हा माझ्या पीएचडीचा कच्चा माल. त्यामुळे माझे दिवसचे दिवस त्यांच्यात जातात, बहुतेक वेळा स्कॅन केलेल्या प्रतींमध्ये. मधूनच एखादं पान असं येतं, की जाहिरात सगळी शाबूत आहे पण खालचा कोपरा गायब. कात्रीने व्यवस्थित कापून नेलेला. त्या चौकोनी भोकातून पुढच्या पानावरचा मजकूर डोकावत असतो.

सुरुवातीला मी वैतागायचे. नेमका हवा तोच तुकडा नाही! मग हळूहळू कळलं, की हे भोक हाच माझा पुरावा आहे. कुणीतरी ती जाहिरात वाचली, कात्री शोधली, कुपनावर नाव-पत्ता लिहिला, पाकिटाला तिकीट चिकटवलं आणि ते टपालपेटीत टाकलं. म्हणजे त्या माणसाने ‘हो’ म्हटलं.

आज तोच चौकोन स्क्रीनवर असतो. ‘तुमचा ईमेल इथे लिहा’ अशी एक ओळ, एक रिकामी चौकट आणि खाली बटण. आलेल्या पाहुण्यांपैकी किती जण सदस्य झाले, याच्या टक्केवारीला त्या धंद्यात ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. हे पान कसं बनवावं यावर आज ढीगभर सल्ले मिळतात. त्यातले बहुतेक शंभर वर्षं जुने आहेत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि त्या जुन्या सल्ल्यांबरोबर आलेला एक इशारा वाटेत कुठेतरी गळून पडला. आजचा लेख त्या गळून पडलेल्या इशाऱ्याबद्दल आहे.

पण आधी माझी स्वतःची एक चूक सांगते.

मी कधी ‘हो’ म्हटलं?

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या व्याख्यानमालेसाठी नावनोंदणीचं पान मी बनवलं होतं. नाव, ईमेल, आणि खाली एक चौकट: ‘पुढच्या कार्यक्रमांची माहिती मला नियमित पाठवा’. त्या चौकटीत टिक मी आधीच करून ठेवली होती. यादी भराभर वाढली. मी खूश!

तिसरी ईमेल गेल्यावर एका काकांचा फोन आला. आवाज शांत होता. “अहो, तुमचं व्याख्यान छान झालं, तक्रार नाही. पण हे दर आठवड्याला पाठवा असं मी कधी म्हटलं?” मी म्हटलं, “काका, तुम्ही फॉर्ममध्ये टिक केली होती ना.” ते म्हणाले, “मी केली होती, की तिथे होती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात मी कुपनांवरचं प्रकरण लिहीत होते.

कात्रीने कापायचा तुकडा

पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी १८९१मध्ये एक टपाली शिक्षणसंस्था सुरू झाली, इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याने रात्री घरी बसून शिकावं आणि वरच्या जागेवर जावं, असा तिचा विचार. तिच्या कुपनावर अभ्यासक्रमांची लांबलचक यादी असायची आणि प्रत्येक नावाआधी एक मोकळी जागा. वाचकाने हव्या त्या विषयापुढे स्वतःच्या हाताने फुली मारायची, नाव, पत्ता, काम लिहायचं आणि पाठवायचं. माहिती मागवल्याने कसलंही बंधन येत नाही, हेही तिथे छापलेलं असे.

आजच्या चेकबॉक्सची ही आजी म्हणा हवं तर. ती फुली कधी आधीच मारून येत नसे, कारण कागदावर ते जमण्यासारखंच नव्हतं. छापखान्याला काय ठाऊक, तुम्हाला वाफेचं इंजिन शिकायचंय की हिशेब?

यानंतर येतात क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२). शिकागोच्या लॉर्ड अँड थॉमस या जाहिरात कंपनीत ते मजकूर लिहायचे. १९२३मध्ये त्यांचं ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ हे छोटेखानी पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जाहिरात चांगली की वाईट यावर टेबलाभोवती बसून वाद घालू नका, कुपनं मोजा. प्रत्येक मासिकातल्या कुपनावर वेगळी खूण छापायची, उदाहरणार्थ पत्त्यात ‘विभाग १४’. पत्र आलं की कुठल्या जाहिरातीने आणलं ते लगेच कळतं. आज दुव्याला जोडलेली ती लांबलचक शेपटी हेच काम करते.

पेप्सोडेंट टूथपेस्टच्या जाहिरातींत हॉपकिन्स दहा दिवस पुरेल अशी ट्यूब फुकट देऊ करत. कूपन भरा, ट्यूब घ्या. कुपनाचं आणखी एक काम त्यांनी ओळखलं होतं: ते आठवण करून देतं. ‘नंतर बघू’ म्हणून मासिक मिटलं की माणूस विसरतो. कापून ठेवलेला कागद विसरू देत नाही.

१९२०च्या दशकाच्या मध्यावर जॉन केपल्स या तरुण लेखकाने घरबसल्या पियानो शिकवणाऱ्या संस्थेची जाहिरात लिहिली. पियानोपाशी बसलेल्या माणसाला आधी सगळे हसतात आणि मग तो वाजवायला लागतो, अशी तिची सुरुवात. ती गाजली. खाली अर्थातच कूपन होतं, फुकट पुस्तिकेसाठी. पुढे केपल्सनी आयुष्यभर चाचण्या घेतल्या. अशा चाचण्यांची एक रीत फार हुशारीची होती: एकाच दिवशी, एकाच वर्तमानपत्राच्या निम्म्या प्रतींत एक मथळा, निम्म्या प्रतींत दुसरा. कुठली कुपनं जास्त येतात ते बघायचं.

आता आजच्या नोंदणीच्या पानावरचे सल्ले आठवा. एकच गोष्ट मागा. त्या बदल्यात काय मिळेल ते स्पष्ट सांगा. चौकटी कमी ठेवा. बटणावर वाचकाच्या तोंडचं वाक्य लिहा. दोन रूपं करून ताडून बघा. यातलं नवीन काय आहे, सांगा बरं?

जो इशारा गळून पडला

हॉपकिन्स नुसती कुपनं मोजून थांबत नसत. एक उत्तर मिळवायला किती खर्च आला, हा पहिला आकडा. पण एक गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च आला, हा खरा आकडा. फुकट नमुना दारोदार वाटण्याला त्यांचा विरोध होता. ज्याने मागितला त्यालाच द्या, म्हणजे त्याची किंमत राहते, असं ते बजावत.

कुपनात एक गोष्ट आपोआप होती: थोडा त्रास. कात्री, पेन, तिकीट, टपालपेटीपर्यंतची चक्कर. या त्रासामुळे काही जण गळायचे, हे खरंच. पण जे उरायचे त्यांनी खरोखर मागितलेलं असायचं. त्रास हीच गाळणी होती.

मग धंद्याला प्रश्न पडला, की ही गाळणी काढली तर?

१९२६मध्ये न्यूयॉर्कमध्ये बुक ऑफ द मंथ क्लब सुरू झाला. दरमहा एक निवडक पुस्तक घरपोच. पहिल्या महिन्यात सभासद होते ४,७५०. या आणि अशा क्लबांमुळे एक पद्धत रुळली, जिला अमेरिकेत ‘निगेटिव्ह ऑप्शन’ म्हणतात. पुढच्या महिन्याचं पुस्तक कुठलं ते तुम्हाला आधी कळवतात. नको असेल तर तसा कागद भरून मुदतीत परत पाठवायचा. काहीच केलं नाही, तर पुस्तक येतं आणि बिलही येतं.

बघा काय झालं ते. आधी ‘हो’ म्हणायला कष्ट होते. आता ‘नाही’ म्हणायला कष्ट. गप्प बसणं हाच होकार ठरला. पुढे रेकॉर्ड क्लबांनीही हेच केलं. तक्रारी इतक्या वाढल्या, की १९७३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर नियम केला: सगळ्या अटी आधी स्पष्ट सांगा आणि नकार कळवायला किमान १० दिवस द्या.

त्या काकांच्या प्रश्नाचं मूळ मला इथे सापडलं. माझी आधीच केलेली टिक कुपनाच्या घराण्यातली नव्हतीच. ती या क्लबांच्या घराण्यातली होती.

२००७चं बटण

या इतिहासातला सगळ्यात गाजलेला प्रयोग डिसेंबर २००७मधला. बराक ओबामांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर येणाऱ्याचं स्वागत एका पानाने व्हायचं: वर चित्र, खाली ईमेलची चौकट आणि बटण. गूगलमधून आलेल्या डॅन सिरोकरने या पानाची चाचणी घेतली. बटणाचे चार मजकूर, वरच्या जागेसाठी तीन चित्रं आणि तीन व्हिडिओ. म्हणजे २४ जोड्या. ३,१०,३८२ पाहुण्यांना त्या विभागून दाखवल्या.

प्रचारातल्या लोकांना एक व्हिडिओ फार आवडला होता. पण सगळे व्हिडिओ सगळ्या चित्रांपेक्षा मागे पडले. जिंकला तो कुटुंबाचा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ या अर्थाचं बटण. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नोंदणी करत होते, या पानावर ११.६ टक्के. वाढ ४०.६ टक्के.

हा प्रयोग झाला हे उत्तमच. आपल्या आवडीपेक्षा पुरावा मोठा, हे हॉपकिन्सचं म्हणणं त्याने पुन्हा सिद्ध केलं. पण यापुढे जो हिशेब सांगितला जातो, तो जरा थांबून वाचायला हवा.

प्रचारभर सुमारे एक कोटी लोकांनी नोंदणी केली. जुनंच पान असतं तर अंदाजे ७१ लाखांनी केली असती. म्हणजे २८.८ लाख ईमेल जास्त. नोंदणी केलेल्या दर ईमेलमागे सरासरी २१ डॉलर देणगी आली होती. गुणाकार करा: सुमारे ६ कोटी डॉलर!

सिरोकरने स्वतः हा अंदाज म्हणूनच मांडला होता. सांगता सांगता लोकांनी त्याची ‘एका बटणाने ६ कोटी डॉलर आणले’ अशी गोष्ट केली. या गुणाकारात एक गृहीतक दडलंय: जो माणूस बटण बदलल्यामुळे आला, तोही बाकीच्यांइतकीच देणगी देईल. पण जुन्या पानावरही ज्याने नोंदणी केलीच असती तो कट्टर समर्थक, आणि जो ‘अधिक जाणून घ्या’ वाचून सहज आत शिरला तो, हे दोघं सारखे कशावरून? सारखे असतीलही. पण पहिल्या पानावरची टक्केवारी हे सांगू शकत नाही. उत्तराचा खर्च वेगळा आणि गिऱ्हाइकाचा वेगळा, हा हॉपकिन्सचा इशारा नेमका इथे हवा होता.

कायदा काकांच्या बाजूने

नको असलेल्या ईमेलची कहाणी जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या संगणक विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. प्राप्तकर्त्यांनी अर्थात आरडाओरडा केला. पण त्यावर कायदा यायला बराच काळ गेला. अमेरिकेच्या २००३च्या कायद्याने ‘नको’ म्हणण्याची सोय सक्तीची केली. युरोपने २००२मध्येच आधी ‘हो’ घ्या अशी भूमिका घेतली होती. २५ मे २०१८पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआरने तर स्पष्टच म्हटलं, की मौन किंवा आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ खटल्यात युरोपीय न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. तिथे प्रश्न कुकीजचा होता, पण चौकट तशीच, आधी भरलेली.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे. त्याच्या मजकुरानुसार संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे, म्हणजे डार्क पॅटर्न्सचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. ‘नको, मला अडाणीच राहायचंय’ असा नकाराचा पर्याय ठेवून माणसाला लाजवणं हाही त्यातला एक प्रकार.

थोडक्यात, स्क्रँटनच्या कुपनावर जे छापखान्याच्या मर्यादेमुळे आपोआप व्हायचं, ते आता कायद्याला सांगावं लागतंय: फुली ज्याची त्याने मारावी.

मग मी काय केलं?

पान पुन्हा बनवलं. चौकट रिकामी ठेवली. ‘नियमित माहिती’ हे गुळमुळीत शब्द काढून ‘महिन्यातून एकदा, पुढच्या व्याख्यानाचा विषय आणि वेळ’ असं लिहिलं. नोंदणीनंतर एक ईमेल जाते, तिच्यातला दुवा दाबला तरच नाव यादीत येतं. हे माझं टपालतिकीट. आणि प्रत्येक ईमेलच्या वर, तळाशी लपवून नव्हे, ‘नाव काढा’ असा दुवा.

जुन्या यादीतल्या सगळ्यांना मी पुन्हा विचारलं. यादी पुष्कळ लहान झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या व्याख्यानाला हॉलमधल्या खुर्च्या पूर्वीइतक्याच भरल्या होत्या. म्हणजे जी नावं गेली, ती आलेलीच नव्हती.

आणि ते काका? त्यांनी नवीन पानावर स्वतः टिक केली. हे मला कळलं, कारण दुवा दाबून झाल्यावर त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: “आता मी म्हटलंय.”

पुढच्या वेळी एखाद्या पानाने तुमचा ईमेल मागितला तर एक गोष्ट जरूर बघा. टिक तुम्ही केली आहे, की तिथे होती?