पायप्रोजेक्टची कुळकथा

कोल्हापूर सोडून बेंगळुरूच्या दिशेनं निघालं की कर्नाटकची हद्द लागण्याआधी डाव्या हाताला कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी येते. किर्लोस्करची इंजिनं, रेमंडचं सुती कापड, आणि कोल्हापूरच्या ओतकामाच्या परंपरेतून वाढलेल्या फाउंड्र्या आणि मशिनशॉप असा इथला पसारा. फाउंड्रीच्या लॅबमध्ये पायथॉन या संगणकी भाषेला काम सहज सापडतं. स्पेक्ट्रोमीटरनं हीटचं, म्हणजे एका खेपेला वितळवलेल्या धातूचं, विश्लेषण दिलं की कार्बन इक्विव्हॅलंट काढायचा असतो. कार्बनच्या टक्केवारीत सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा. कार्बन ३.३०, सिलिकॉन २.१० आणि फॉस्फरस ०.०६ असेल, तर उत्तर ४.०२. एवढं गणित करणारी फाईल एखादा नवा इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत लिहून मोकळा होतो.

घोडं अडतं ते पुढे. तीच फाईल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या युनिटच्या पीसीवर गेली की ‘अमुक मॉड्यूल सापडत नाही’ असा संदेश येतो. तिथं पायथॉनची आवृत्ती वेगळी असते, एक्सेल वाचायला लागणारं पांडाज नसतं. महिन्याभरात चार पीसींवर चार वेगवेगळ्या फाईली होतात आणि त्यातली खरी कोणती, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. कोड लिहिणं वेगळं आणि तो दुसऱ्याच्या हाती चालता देणं वेगळं. या दुसऱ्या कामाची रीत बसायला पायथॉनच्या जगालाही पाव शतक लागलं. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही छोटीशी फाईल म्हणजे त्या पाव शतकाची कमाई.

गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत घडवलेला पायथॉन १९९१ साली लोकांसमोर आला. एक फाईल म्हणजे एक मॉड्यूल, हा त्याचा मूळ हिशेब. नव्वदच्या दशकातच अनेक मॉड्यूल एका फोल्डरात ठेवून त्या फोल्डरला पॅकेज म्हणण्याची सोय भाषेत आली आणि रचनेचा पाया पडला. वाटपाचा मात्र काहीच नेम नव्हता. प्रत्येक लेखक आपापल्या सूचना लिहून देई. सी भाषेतला भाग असेल तर मेकफाईलशी ज्याची त्यानं झुंजायचं.

१९९८च्या सुमाराला ग्रेग वॉर्ड यांच्या पुढाकारानं डिस्टयुटिल्सचं काम सुरू झालं आणि २००० साली ते पायथॉनसोबतच मिळू लागलं. त्यातून सेटअप डॉट पीवाय ही फाईल जन्माला आली. पॅकेज कुणाचंही असो, बसवायची आज्ञा एकच, हे त्या पिढीचं मोठं काम. पण सेटअप डॉट पीवाय हा स्वतःच एक प्रोग्रॅम होता. पॅकेजचं नाव, आवृत्ती, त्याला आणखी काय लागतं, हे सगळं तो चालवल्यावरच खात्रीनं कळे. पुढच्या साऱ्या अडचणींचं मूळ इथं आहे. आपल्याकडं कास्टिंगसोबत टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, जाते. माल एफजी २६० ग्रेडचा आहे, कार्बन किती, सिलिकॉन किती, हे ग्राहक कागदावर वाचतो. सेटअप डॉट पीवायच्या काळात टीसी वाचायला आधी भट्टी पेटवावी लागत होती.

२००३ साली रिचर्ड जोन्स यांच्या कामातून पायपीआय ही पॅकेजांची सामायिक वखार उभी राहिली. २००४ साली फिलिप एबी यांचं सेटअपटूल्स आलं आणि ‘मला अमुक पॅकेज लागतं’ असं लिहून ठेवण्याची, ते आपोआप आणण्याची सोय झाली. इयन बिकिंग यांनी २००७ साली व्हर्च्युअलएन्व्ह दिलं. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं वेगळं वातावरण मिळालं आणि एकाच्या पॅकेजनं दुसऱ्याचं काम बिघडायचं थांबलं. पुढच्याच वर्षी त्यांनी पॅकेज बसवणारं पिप दिलं. आज कुठलाही विद्यार्थी पहिल्या आठवड्यात जी आज्ञा शिकतो, ती ही.

मूळचा पेच तरीही सुटला नव्हता. समजा, एखादं पॅकेज घडवायला नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज लागतं. ही गरज सेटअप डॉट पीवायमध्ये लिहिलेली. पण त्याच फाईलच्या पहिल्या ओळीत नमपायला हाक मारलेली असेल, तर नमपाय नसलेल्या पीसीवर ती फाईल चालणारच नाही. काय लागतं हे कळायला फाईल चालवायची आणि फाईल चालवायला जे लागतं ते आधीच हवं!

हा तिढा दोन बाजूंनी सुटला. २०१३ साली पेप ४२७ या प्रस्तावानं व्हील हा साचा मान्य झाला. व्हील म्हणजे ठरावीक मांडणीची झिप फाईल. ती बसवताना लेखकाचा कुठलाच प्रोग्रॅम चालवावा लागत नाही, फाईली उलगडून जागच्या जागी ठेवल्या की झालं. मग २०१६ साली ब्रेट कॅनन, नॅथॅनियल स्मिथ आणि डोनाल्ड स्टफ्ट यांच्या पेप ५१८नं पायप्रोजेक्ट डॉट टॉमल आणलं. पॅकेज घडवायला कोणती साधनं लागतात, हे नुसतं वाचता येईल अशा मजकुरात लिहायचं ठरलं. २०२० साली पेप ६२१ मान्य झाला आणि नाव, आवृत्ती, गरजा या नोंदींनाही त्याच फाईलमध्ये ठरलेली जागा मिळाली. ऑक्टोबर २०२३च्या पायथॉन ३.१२मधून डिस्टयुटिल्स काढून टाकलं गेलं. नव्या पीसीवर जुनी सेटअप फाईल ‘डिस्टयुटिल्स सापडत नाही’ म्हणून थांबते, तिचं कारण हेच.

आता आपली कार्बन इक्विव्हॅलंटची फाईल या रीतीत बसवून पाहू. प्रकल्पाचं एक फोल्डर. त्यात एसआरसी, एसआरसीमध्ये फाउंड्री_सीई हे पॅकेज आणि त्यात गणिताची फाईल. शेजारी टेस्ट्सचं फोल्डर, त्यात वरचीच हीट: ३.३०, २.१० आणि ०.०६ दिले की ४.०२ आलंच पाहिजे. आणि सगळ्यांच्या वर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. तिचे भाग दोनच: घडवायला सेटअपटूल्स लागतं, ही एक नोंद, नाव फाउंड्री-सीई, आवृत्ती ०.१.०, पायथॉन किमान ३.१०, सोबत पांडाज, ही दुसरी. दहा ओळीही होत नाहीत.

एसआरसी हे मधलं फोल्डर अनेकांना उगाच वाटतं, पण त्याचं काम मोलाचं आहे. ते नसेल तर प्रकल्पाच्या फोल्डरातून चाचणी घेताना पायथॉन बहुधा समोरचंच पॅकेज उचलतो. व्हीलमध्ये एखादी फाईल जायची राहिली असली तरी चाचणी पास होते आणि चूक ग्राहकाच्या पीसीवर उघडी पडते. एसआरसी असलं की पॅकेज बसवूनच चाचणी घ्यावी लागते, म्हणजे तपासला जातो तो ग्राहकाला जाणारा माल.

मग बिल्डची आज्ञा दिली की व्हील तयार होतं. ते पायपीआयवर चढवायलाच हवं असं नाही. शॉपफ्लोअरच्या पुष्कळ पीसींना इंटरनेट नसतं. तिथं हे व्हील आणि पिपनं त्याच जातीच्या पीसीसाठी उतरवून घेतलेली पांडाज वगैरेंची व्हील पेनड्राइव्हवर न्यायची आणि पिपला त्याच फोल्डरातून बसवायला सांगायचं. आवृत्तीचा आकडा सोबत असल्यानं कोणत्या पीसीवर काय चालू आहे, हे एका आज्ञेत कळतं. सूत्र बदललं तर ०.२.० काढायचं; उत्तरासोबत आवृत्तीही लिहून ठेवली, की जुन्या हीटचं उत्तर कोणत्या आवृत्तीनं दिलं होतं, याची नोंद राहते.

माझं सांगणं एवढंच आहे, की हे काम ‘मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं’ म्हणून बाजूला ठेवू नये. जगभर वापरल्या जाणाऱ्या नमपायच्या मुळाशीही पायप्रोजेक्ट डॉट टॉमल याच नावाची फाईल आहे, आणि ती रीत अनेकांनी वाद घालत, बऱ्याच अंशी बिनपगारी राबून बसवली आहे. कागलच्या लॅबमधल्या छोट्या गणितालाही तिचा तेवढाच हक्क आहे. लिहिणारा इंजिनिअर उद्या नोकरी बदलून पुण्याला गेला, तरी त्याचं काम युनिटमध्ये चालू राहावं, यासाठी त्या दहा ओळी पहिल्याच दिवशी लिहाव्यात.