हॉब्स लेनचा खड्डा

भुताखेतांचे सिनेमे मी कधीच आवडीने पाहिले नाहीत. आमच्या लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्यात संतपट नाहीतर पौराणिक चित्रपट. पुढे नोकरी, संसार, पेपर तपासणे... इंग्रजी भयपटाशी माझा संबंध यायचा कसा? माझे बी.ए. मराठी माध्यमातून, विषय इतिहास. इंग्रजी वाचते, पण बोललेले भरभर कळत नाही. अशा बाईने एका विलायती भयपटावर लिहावे याची मलाच गंमत वाटते. पण हा सिनेमा काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहूनच टाकते.

२०१९ च्या जून महिन्यात मी लेकीकडे लंडनला होते. एका पावसाळी शनिवारी जावईबापूंनी टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला. म्हणाले, "आई, हा बघाच. नावावर जाऊ नका, यात तुमचा इतिहास आहे." खाली इंग्रजी अक्षरे उमटत होती, ती वाचत वाचत मी पाहिला. सिनेमाचे नाव 'क्वाटरमास अँड द पिट'. हॅमर या ब्रिटिश कंपनीने तो काढला, साल १९६७, दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर. टायटॅनिक बुडाल्यावरचा १९५८ चा जुना सिनेमा काहींनी पाहिला असेल, तो याच बेकरांचा.

गोष्ट थोडक्यात सांगते. लंडनमध्ये भुयारी रेल्वेचे काम चालू आहे. हॉब्स एंड नावाच्या स्टेशनात खोदताना कवट्या सापडतात. डॉ. रोनी नावाचे शास्त्रज्ञ त्या तपासतात आणि सांगतात की या पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याच्या आहेत. मग चिखलातून एक गुळगुळीत, धातूसारखी मोठी वस्तू डोकावू लागते. महायुद्धातला न फुटलेला जर्मन बॉम्ब असणार, असे समजून लष्कराला बोलावतात. कर्नल ब्रीन येतो आणि त्याच्याबरोबर प्रोफेसर क्वाटरमास हे रॉकेटशास्त्रज्ञ.

आता तुम्ही म्हणाल, बॉम्बच का वाटावा? इथे १९६७ चे लंडन डोळ्यांसमोर आणावे लागते. सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री या शहरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. माणसे रात्र रात्र याच भुयारी स्टेशनांच्या फलाटांवर झोपत. १९४४ मध्ये व्ही-२ अग्निबाण येऊन पडू लागले. युद्धानंतर शहर पुन्हा बांधायला काढले तेव्हा जिथे खणावे तिथे काहीतरी निघे. अगदी फेब्रुवारी २०१८ मध्येसुद्धा थेम्सकाठच्या सिटी विमानतळाजवळ गोदीत असा बॉम्ब सापडला आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. शिवाय सिनेमा बनत होता तेव्हा लंडनच्या पोटात खरोखरच नवी व्हिक्टोरिया लाइन खोदली जात होती. तिचा पहिला टप्पा १९६८ साली सुरू झाला. सिनेमातले स्टेशन स्टुडिओत उभारलेले, हॉब्स एंड नावाचे स्टेशन लंडनमध्ये नाहीच. पण प्रेक्षक तिकीट काढून घरी जाताना ज्या जिन्याने खाली उतरत असेल, तो जिना मात्र खराच होता!

या सिनेमात मला सगळ्यात आवडला तो रस्त्याच्या नावाचा प्रसंग. त्या गल्लीच्या नव्या पाटीवर 'हॉब्स'मध्ये दोन 'बी' आहेत आणि जुन्या पाटीवर एकच. 'हॉब' हे जुन्या इंग्रजीत सैतानाचे, भुताचे नाव. म्हणजे नावच सांगते आहे की ही सैतानाची गल्ली. मग रोनींच्या सहकारी बार्बरा जुनी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे काढतात. त्यातून दिसते की या जागी जेव्हा जेव्हा कुणी जमीन उकरली, तेव्हा तेव्हा लोकांना काही ना काही दिसले आहे. मी तर खुर्चीत पुढे सरकून बसले. दफ्तर उघडून भूत शोधणारा सिनेमा मी जन्मात पाहिला नव्हता. स्थळनामांत इतिहास दडलेला असतो हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आले. पुण्यातल्या वेताळ टेकडीचे उदाहरण तर दरवर्षी ठरलेले!

ती वस्तू उघडते तेव्हा आत टोळासारखे, तीन पायांचे, शिंगे असलेले मृत जीव निघतात. क्वाटरमास अर्थ लावतात तो असा. मंगळ मरू लागला तेव्हा तिथले हे जीव पृथ्वीवर आले. स्वतः इथे जगू शकत नव्हते, म्हणून त्यांनी इथल्या वानरांच्या मेंदूत फेरफार करून आपला स्वभाव त्यांच्यात पेरला. सैतानाची शिंगे, भुते, सगळे त्या आठवणीतून आलेले. आणि स्वभाव कोणता? आपल्या पोळ्यात जो जरासा वेगळा निघेल त्याला ठराविक काळाने शोधून मारून टाकायचे. पोळे शुद्ध करायचे.

कर्नल ब्रीनला हे पटत नाही. त्याच्या मते हा जर्मनांचा लोकांना घाबरवण्याचा बनाव आहे. मंत्रीही तेच सोयीचे म्हणून मानतो आणि वार्ताहरांना बोलावून कार्यक्रम करतो. व्हायचे तेच होते. यंत्र जागे होते आणि लंडनची सभ्य माणसे एका क्षणात कळप होतात. शिकारीला निघतात. ज्याच्यात तो वारसा नाही, जो वेगळा आहे, त्याला गाठून ठार करतात. आकाशात शिंगे असलेली प्रचंड आकृती उभी राहते.

चित्रतंत्र आजच्या मानाने साधेच. मंगळावरच्या कीटकांचे दृश्य तर मुलांच्या खेळण्यांसारखे वाटते, नात हसली. मला हसू आले नाही. कारण ही गोष्ट मंगळावरची नाही हे एव्हाना माझ्या लक्षात आले होते.

नंतर मी जावईबापूंच्या मदतीने थोडे वाचले. ही गोष्ट मुळात बीबीसीवर सहा भागांची मालिका म्हणून लागली होती. पहिला भाग २२ डिसेंबर १९५८ चा. लेखक नायजेल नील, आइल ऑफ मॅन बेटावर वाढलेला माणूस. त्याने १९५३ मध्ये पहिली क्वाटरमास मालिका लिहिली, ती थेट प्रक्षेपित झाली आणि तिचे पहिले दोनच भाग आज उरले आहेत. आता १९५८ सालच का महत्त्वाचे? त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांचे जमाव रात्री रस्त्यावर उतरले आणि वेस्ट इंडीजहून आलेल्या कृष्णवर्णीयांची घरे शोधून शोधून हल्ले करू लागले. युद्धानंतर इंग्लंडला कामकरी हात हवे होते म्हणून ही माणसे आली होती. १९४८ चे 'विंडरश' जहाज हे त्या येण्याचे प्रतीक मानले जाते. दहा वर्षांत तीच माणसे डोळ्यांत खुपू लागली. दंगल शमून चार महिने झाले नव्हते तेव्हा टीव्हीवर नीलची मालिका सुरू झाली. मालिकेच्या शेवटी क्वाटरमास लोकांना उद्देशून बोलतात. युद्धे, चेटकिणींची शिकार, वंशद्वेषाच्या दंगली यांत तो वारसाच डोके वर काढतो, तो आवरला नाही तर ही पृथ्वीही मृत ग्रह होईल, असा त्याचा आशय.

आणखी एक गोष्ट कळली आणि मी थक्क झाले. माझ्या नातीचे एक लाडके पुस्तक आहे, वाघ चहाला येतो त्याचे. त्या मुक्कामात मी ते तिला रोज अडखळत वाचून दाखवत असे. ते लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या ज्युडिथ कर मे २०१९ मध्ये वारल्या, म्हणून तिच्या शाळेत त्यांच्याविषयी सांगितले होते. या ज्युडिथ कर म्हणजे नायजेल नीलच्या पत्नी! त्यांचे वडील बर्लिनचे नामवंत ज्यू समीक्षक. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताना ते कुटुंब जर्मनीतून निसटले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. टीव्ही मालिकांचे दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए हेही मूळचे व्हिएन्नाचे ज्यू, नाझींमुळे देश सोडून आलेले. म्हणजे 'पोळे शुद्ध करणे' म्हणजे काय हे नीलच्या घरात आणि कामावर रोज भेटणाऱ्या माणसांनी भोगलेले होते. ते पुस्तकातून शिकण्याची त्याला गरज नव्हती.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मला एक शंका मात्र आली. ही गोष्ट माणसाला फार स्वस्तात सोडत तर नाही ना? आम्ही काय करणार, मंगळावरच्यांनी आमच्या डोक्यात घातले! नॉटिंग हिलच्या खटल्यात न्यायाधीशाने नऊ तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा दिली. मंगळाला दिली नाही. शास्त्राच्या दृष्टीने तर असली वंशस्मृती म्हणजे निव्वळ कल्पना.

पण सिनेमा पुन्हा आठवून पाहिला तेव्हा शंका फिटली. नीलने सुटकेची वाट ठेवलेली नाही. गर्दीत क्वाटरमासही सापडतात. एवढा शहाणा, सगळे ज्याने आधी ओळखले तो माणूस, आणि तो आपल्या मित्राच्या, रोनींच्या, जिवावर उठतो. का, तर रोनी वेगळे आहेत. रोनी त्यांना गदागदा हलवून शुद्धीवर आणतात. याचा अर्थ शुद्धीवर येता येते. माहीत असणे आणि आवरता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर काटायला कधी कधी दुसऱ्या माणसाचा हात लागतो.

इथे मला माझ्याच वर्गातली एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या तालुक्याच्या गावी बरीच कुटुंबे कामासाठी आली. त्यातला एक मुलगा सातवीत माझ्या वर्गात बसला. माझी नोकरी नवी. त्याची बोली आमच्याकडच्यापेक्षा वेगळी. एके दिवशी मी त्याला धडा वाचायला उभा केला. दोन ओळी झाल्या आणि कुणीतरी त्याच्या हेलाची नक्कल केली. वर्ग हसला. तो थांबला, पुन्हा वाचू लागला, पुन्हा नक्कल. मग सगळा वर्ग एका सुरात. मी काय करायला हवे होते ते मला ठाऊक होते. बी.एड. ला त्यावर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. आणि मी हसले. खोटे कशाला बोलू, मला त्या हसण्यात बरे वाटले. नवी बाई होते, वर्ग पहिल्यांदाच माझ्या बाजूने झाला असे वाटले.

तास संपल्यावर शाळेचे शिपाई, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, दाराशी उभे होते. म्हणाले, "बाई, पोरगं रडत गेलं. तुमी बी हसलात व्हय?" एवढेच. मी मुलाच्या पालावर गेले ते तिसऱ्या दिवशी. तोवर ती माणसे दुसऱ्या कामावर निघून गेली होती. त्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

चार हसणाऱ्या पोरांची आणि दंगलीची बरोबरी मी करत नाही. पण त्या वेळी अंगातून जे गेले ते मला ओळखता येते. पुस्तकात दंगलीचा धडा शिकवताना "जमाव भडकला" असे वाक्य येई, तेव्हा मी ते चटकन उरकून पुढे जात असे. का, ते आता कळते.

सिनेमाचा शेवट सांगितला तरी चालेल, जुनाच आहे. भुते लोखंडाला आणि पाण्याला भितात ही जुनी समजूत रोनींना आठवते. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवत, तोच विचार. रोनी त्याचा शास्त्रीय अर्थ लावतात, की ती शक्ती लोखंडातून ओल्या जमिनीत उतरवायची, विजेचे अर्थिंग करतो तशी. ते उंच क्रेनवर चढतात आणि क्रेन त्या आकृतीत घालतात. आकृती नाहीशी होते, रोनी जातात. जेम्स डोनाल्ड या नटाने ते काम केले आहे. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला डॉक्टर तोच. त्यातही सगळ्यांच्या वेडेपणात शहाणा राहिलेला माणूस त्याच्याच वाट्याला आला होता. क्वाटरमास झालेले अँड्र्यू कीअर आणि बार्बरा झालेल्या बार्बरा शेली यांची कामेही मनापासूनची आहेत.

मालिकेत शेवटी भाषण होते, सिनेमात ते काढून टाकले आहे. पडझडीत क्वाटरमास आणि बार्बरा नुसते उभे, बसलेले. कुणी बोलत नाही. त्यांच्यावरूनच नावे सरकू लागतात. मला सिनेमातला शेवट जास्त खरा वाटला. शुद्धीवर आलेल्या माणसाला लगेच भाषण सुचत नसते. मला तर तात्यांना उत्तरही देता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही भुयारी रेल्वेने निघालो. गाडी खच्चून भरलेली. नाना रंगांची, नाना भाषांची माणसे एकमेकांना चिकटून उभी. एका कृष्णवर्णीय मुलाने उठून मला जागा दिली. नातीने वाघाचे पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आजी, वाच." मी वाचले, माझ्या मराठी हेलातल्या इंग्रजीत, मोठ्याने. कुणीही हसले नाही.

असो. सिनेमा कुठे मिळाला तर जरूर पाहा. अगदी लहान मुलांना मात्र बरोबर बसवू नका.